प्रादेशिक खाद्यमहोत्सवाला निघालेल्या तरुण शेफला पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

प्रादेशिक खाद्यमहोत्सवात शेफ म्हणून सहभागी होण्याचे निमंत्रण तुला मिळाले, याचा मला फार आनंद झाला. पत्रासोबत पाठवलेला बारा पदार्थांचा मेन्यू मी लक्षपूर्वक वाचला. मांडणीची चित्रे देखणी आहेत आणि पदार्थांचा क्रमही विचार करून लावलेला दिसतो. मात्र ज्या प्रदेशाच्या नावाने हा महोत्सव भरणार आहे, तिथे रोज चूल पेटवणाऱ्या एकाही व्यक्तीचे नाव त्या कागदांत मला आढळले नाही. तू विचारलेल्या इतर प्रश्नांकडे वळण्याआधी मला याबद्दलच लिहिले पाहिजे.

स्वतःच्या रेस्टॉरंटमध्ये तू जे रांधतेस त्याचे श्रेय आणि दोष दोन्ही तुझेच असतात. प्रादेशिक महोत्सवात तसे नसते. तिथे पहिल्यांदाच तो पदार्थ खाणारा माणूस तुझ्या हातची चव हीच त्या प्रदेशाची चव समजून घरी जातो, आणि त्याच रांगेत उभा असलेला त्या प्रदेशातला माणूस आपल्या घरचे अन्न ओळखू येते का, हे पाहत असतो. या दोघांनाही उत्तर देण्याचा अधिकार निमंत्रणपत्रिकेने मिळत नाही. तो पदार्थ वर्षानुवर्षे करत आलेल्यांच्या हाताखाली काम करूनच तो मिळवावा लागतो. म्हणून महोत्सवाच्या बऱ्याच आधी तिकडे जा. वही घेऊन मुलाखती घ्यायला जाऊ नकोस. निवडायला, वाटायला, ढवळायला जा आणि भांडी घासेपर्यंत थांब.

मुठीने मीठ घालणाऱ्या बाईंना किती ग्रॅम असे विचारू नकोस, कारण त्या सांगतील तो आकडा केवळ तुझ्या समाधानासाठी सांगितलेला असेल. त्यांचा मिठाचा डबा आधी वजनकाट्यावर ठेव, त्यांनी मीठ घातल्यावर पुन्हा ठेव. जो फरक येईल ते तुझे माप. मसाला, तेल आणि पाणी यांचेही असेच कर. भांडे कोणत्या धातूचे, बुडाला किती जाड, जाळ कशाचा, झाकण केव्हा ठेवले आणि केव्हा काढले, हेही लिहून घे. एकच पदार्थ निदान तीन वेगवेगळ्या घरांत पाहा. तिन्ही ठिकाणी सारखे असते तो त्या पदार्थाचा गाभा, आणि जिथे फरक पडतो तिथेच तुला मोकळीक घेता येईल.

एखादी कृती तुला निरर्थक वाटली, तरी तिचे कारण कळेपर्यंत ती गाळू नकोस. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक मका चुन्याच्या निवळीत शिजवतात, त्यातच रात्रभर भिजत ठेवतात, मग धुऊन दळतात. मका युरोपात गेला तेव्हा हा खटाटोप मागेच राहिला. पुढे अठराव्या शतकापासून उत्तर इटलीतील केवळ मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा भीषण रोग पसरला, कारण मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते आणि ते शरीराला मिळावे म्हणून मोकळे करण्याचे काम ती निवळीच करत होती. शास्त्राला हे उमगण्याच्या कितीतरी आधी हे काम स्वयंपाकघरात चालू होते. मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा समावेश युनेस्कोने २०१० साली अमूर्त वारशाच्या यादीत केला, तेव्हा मिचोआकान प्रांताचा नमुना पुढे ठेवून शेतीची पद्धत, मका चुन्यात शिजवण्याची रीत आणि ती जपणारा समाज, या साऱ्यांची एकत्रित नोंद झाली. प्रदेशाचे अन्न म्हणताना हे सगळे त्यात येते.

आता प्रमाणाचा प्रश्न. चार माणसांची पाककृती चारशेंसाठी करताना सगळे जिन्नस शंभराने गुणायचे, असे तुझ्या तक्त्यावरून दिसते आणि इथेच बहुतेक स्टॉल फसतात. भांड्याची उंची आणि रुंदी दुप्पट केली की आत आठपट माल मावतो, परंतु वाफ निघून जायला वरचा पृष्ठभाग मात्र चौपटच मिळतो. त्यामुळे पाणी त्याच पटीत वाढवले तर रस्सा पातळ राहतो आणि तो आटवता आटवता भाज्यांचा लगदा होतो. कांद्याचे तर याहून बिकट. मोठ्या पातेल्यात ढीगभर कांदा एकदम टाकला की तो आपल्याच पाण्यात उकडत बसतो आणि पाणी आटेपर्यंत तळाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. ज्या खमंगपणासाठी तो पदार्थ ओळखला जातो तो येतच नाही. कांदा पसरट भांड्यांत, थोडा थोडा परतून घे. मिठाचे प्रमाण एकूण वजनाच्या टक्क्यांत काढ, तरीही शेवटचा भाग हातात राखून ठेव आणि चव घेऊनच घाल. महोत्सवाआधी निदान एकदा पूर्ण प्रमाणात, त्याच भांड्यात आणि त्याच शेगडीवर रांधून पाहा.

सुरक्षिततेबद्दल मी जरा कठोरपणे लिहितो. मोठ्या हंडीत शिजवलेले मांस किंवा डाळ तशीच निवायला ठेवली तर तिचा मध्य कित्येक तास कोमट राहतो. उकळूनही न मरणारे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू नेमके याच अवस्थेत जागे होतात. भातातला बॅसिलस सेरेयस हा जिवाणू तर असे विष तयार करू शकतो की भात पुन्हा गरम केल्यानेही ते जात नाही. म्हणून वाढायचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेव. उरवायचे असेल तर उथळ भांड्यांत काढून ५७ अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत आण आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. एप्रनच्या खिशात थर्मामीटर असू दे. रांग कितीही लांब असली तरी शंका आलेले भांडे सरळ ओतून दे; त्या वेळी आयोजक काय म्हणतील याचा विचारही मनात आणू नकोस.

त्याच मंचावर तुझ्यासोबत खाद्यतज्ज्ञ असतील, त्यांची भेट महोत्सवाच्या दिवसापर्यंत लांबवू नकोस. पदार्थाचा इतिहास, पिकांचे वाण आणि स्थलांतराच्या वाटा या गोष्टी त्यांना तुझ्यापेक्षा अधिक ठाऊक असतात आणि फलकावर छापायच्या मजकुरातली चूक तेच वेळेवर दाखवू शकतात. तुझ्या मसुद्यात मिरची आणि टोमॅटो घातलेल्या एका पदार्थाला तू ‘हजार वर्षांची परंपरा’ म्हटले आहेस. ही दोन्ही पिके अमेरिका खंडातली. १४९२ नंतर ती उर्वरित जगात पोहोचली. ते वाक्य आजच काढून टाक. पदार्थ दोनशे वर्षांचा असला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. मात्र तज्ज्ञ सांगतात ते आणि घरात रांधणाऱ्या सांगतात ते जुळले नाही, तर घाईने एकाची बाजू घेऊ नकोस. दोघांना समोरासमोर बसव आणि ऐक. असे संभाषण घडवून आणणे हे मला महोत्सवाचे सर्वांत मोलाचे काम वाटते आणि बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत त्याला वेळच ठेवलेला नसतो, याचे वाईट वाटते.

हे अशक्य नाही. इटलीतील तुरिन शहरात स्थानिक, पारंपरिक अन्न जपू पाहणाऱ्या स्लो फूड चळवळीने २००४ साली तेर्रा माद्रे हा मेळावा भरवला तो अन्न पिकवणाऱ्यांचा. शेफ आणि विद्यापीठातले अभ्यासक त्यात २००६ साली आले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पेरूच्या लिमा शहरात २००८ साली सुरू झालेल्या आणि पुढे मिस्तुरा या नावाने गाजलेल्या महोत्सवात गास्तोन आकुरिओसारखे जगप्रसिद्ध शेफ पुढाकार घेत होते, पण तिथे नामांकित रेस्टॉरंटांच्या बरोबरीने रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांनाही स्टॉल मिळाले आणि शेतकऱ्यांचा बाजारही भरला. तुझा महोत्सव लहान असेल, तरी आयोजकांकडे दोन मागण्या तू नक्की करू शकतेस: ज्यांच्याकडून शिकलीस त्यांना प्रवासखर्च आणि मानधन देऊन बोलवावे, आणि फलकावर त्यांचे नाव तुझ्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत असावे. त्यांना केवळ छायाचित्रापुरते उभे करणार असतील, तर तू नकार दे.

स्वतःच्या कल्पना बाजूला ठेवाव्यात, असे मी म्हणत नाही. एखादा पदार्थ तुझ्या पद्धतीने कर, पण त्याला जुने नाव न देता तुझे नाव दे, म्हणजे खाणाऱ्याची फसगत होणार नाही. बाकी, एकूण बारा पदार्थ हा हव्यास आहे. चार ठेव; पाचवा तुझा.

मेन्यूचा नवा मसुदा या महिनाअखेरीपर्यंत पाठव. प्रत्येक पदार्थासमोर तो कोणाच्या हाताखाली शिकलीस आणि त्यांनी तो छापायला संमती दिली आहे का, हे लिही. आयोजकांना मानधनाविषयी पाठवायचे पत्रही सोबत जोड; ते मी पाहून देईन.

तुझा शुभचिंतक