वाचकांचे प्रश्न : अफिलिएट वेबसाइटचा विषय

प्रश्न : शेती अवजारांवर मराठीतून अफिलिएट वेबसाइट (वस्तूंचे दुवे देऊन विक्रीवर कमिशन मिळवणारी साइट) काढायची आहे. कीवर्ड (लोक गूगलवर शोधताना लिहितात ते शब्द) कसे शोधावेत? – एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : ‘शेती अवजारे’ हा पसारा नव्या साइटला झेपणार नाही. भाताच्या मुलखातले आहात, तर फक्त पाठीवरचे फवारणी पंप धरा. गूगलमध्ये ‘बॅटरी फवारणी पंप’ लिहून खाली येणाऱ्या सूचना टिपा. रोमन लिपीतूनही तेच करा, कारण पुष्कळजण तसेच शोधतात. मग ‘कीवर्ड प्लॅनर’ या गूगलच्या जाहिरातदारांसाठीच्या साधनात कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्ही निवडा. तिथला ‘स्पर्धा’ रकाना जाहिरातदारांची चढाओढ दाखवतो, शोधनिकालांतली नव्हे. नेमके इथेच नवखे फसतात! शोधनिकालांतली चढाओढ कळण्यासाठी पहिले १० निकाल स्वतः उघडून वाचा. ‘१६ लिटर की २० लिटर?’ याला नीट मराठी उत्तर नसेल, तर पहिला लेख तोच लिहा.