फुकट वाजवायला जाण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. कार्यक्रमाचं बोलावणं आलंय, पण आयोजक म्हणतात ‘बजेट नाही, तुमची ओळख होईल’. तर जावं का, असं विचारलंयस.

सरसकट नको म्हणणार नाही. आधी एक चौकशी कर: त्या संध्याकाळी पैसे कुणाकुणाला मिळणार आहेत? हॉलचं भाडं भरलं जाणारच. साउंडवाला ॲडव्हान्स हातात पडल्याशिवाय स्पीकर गाडीत चढवत नाही. लाइटवाला, फोटोग्राफर, सगळ्यांची बिलं ठरलेली. म्हणजे बजेट आहे, त्यात तुझं नाव तेवढं नाही. आणि हे छोट्या आयोजकांपुरतंच नाही. 2012च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी व्यावसायिक वादकांना नुसत्या प्रसिद्धीवर वाजवायला सांगतात, अशी तक्रार ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनने जाहीरपणे केली होती.

कुणीतरी तुला सुपर बोलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं, उदाहरण देईलच. तिथे मध्यंतरात मोठमोठे गायक नेहमीचं मानधन न घेता गातात, हे खरं. पण निर्मितीचा प्रचंड खर्च दुसरे उचलतात आणि बघणारे दहा कोटींच्या वर असतात. तुझ्या आयोजकाकडे खुर्च्या किती?

जिथे सगळेच पदरमोड करून उभे आहेत, अशा मदतनिधीच्या कार्यक्रमाला जा. नवी रचना चार लोकांसमोर वाजवून बघायची असेल तरी जा. मात्र फुकट जायचं ते स्वतः ठरवून. तरीही बिल दे: नेहमीचं मानधन लिही आणि खाली पूर्ण सवलत दाखव. नाहीतर शून्य हाच तुझा भाव होऊन बसतो. वर ज्याचं घर या कामावर चालतं त्याला ऐकावं लागतं, ‘तो तर फुकट येतो.’ प्रवासखर्च, किती वेळ वाजवायचं, रेकॉर्डिंग कोण आणि कुठे वापरणार, हेही लेखी घे. फुकटच्या कार्यक्रमात ‘अजून एक होऊन जाऊ द्या’ जास्त होतं, हा माझा अनुभव.

पैसे मागताना आकडा सांग आणि गप्प बस. पलीकडे दोन-चार सेकंद कुणी बोलत नाही. नवखे नेमके तिथेच घाबरतात आणि ‘नाही, तुम्ही द्याल ते’ म्हणून मोकळे होतात. तू थांब. त्यांनी नाही म्हटलं तर ‘पुढच्या वेळी जरूर बोलवा’ म्हणायचं. वाद घालायचा नाही, पुढचं काम त्याच फोनवरून यायचं असतं.

स्वतःच्या रचना वाजवणार असशील तर आणखी एक. बऱ्याच देशांत जाहीर कार्यक्रमासाठी परवाना शुल्क भरावं लागतं आणि ते हक्कसंस्थेमार्फत, म्हणजे रचनाकारांच्या वतीने हे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत, संगीतकार-गीतकारांकडे जातं. मानधनाशी त्याचा संबंध नाही. संस्थेचा सभासद हो आणि वाजवलेल्या रचनांची यादी न चुकता पाठव.

साथीदारांना ‘आपण जातोय’ असं परस्पर सांगू नकोस. तुझा वेळ तू दे, त्यांचा तुला देता येणार नाही. त्यांनी त्या तारखेचं दुसरं काम सोडलेलं असतं. त्यांचे पैसे आयोजक देत नसतील तर तू खिशातून दे. तेही जमत नसेल तर एकटा वाजव. आयोजक काय म्हणाले ते कळव.