विद्यार्थी परिषद आहेच, मग मुलांना आणखी काय विचारायचं?

तुम्ही विचारलंय, की नववी-दहावीला शिकवते, शाळेच्या निर्णयांत मुलांचं मत घ्यावं म्हटलं तर हेडमास्तर म्हणतात, 'परिषद आहे की!' तेवढं पुरतं का?

नाही पुरत. गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या शाळेतही परिषद होती. पहिल्या नंबरवाला मुख्यमंत्री व्हायचा, शपथ घ्यायचा आणि वर्षभर प्रार्थनेच्या रांगा सरळ करायचा. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आमचं मंत्रिमंडळ तिथेच, शोभेच्या पायरीवर.

मग परिषदेवर प्रत्येक वर्गातून दोघं घेतली, त्यातलं एक मागच्या बाकावरचं. आम्हाला वाटलं, पिकनिक मागतील. आठवीतली मुलगी म्हणाली, "टीचर, रेनकोट वाळत घालायला जागाच नाही." पावसाचे चार महिने ओले रेनकोट बाकाखाली, वह्या भिजलेल्या, लादी निसरडी. आमच्या कधी डोक्यात आलं नाही, कारण स्टाफरूममध्ये खुंट्या आहेत! व्हरांड्यात दोन तारा ओढल्या, काम झालं.

दहावीच्या जादा तासांचं मात्र आमचंच चुकलं होतं. तास शाळा सुटल्यावर. निम्मा वर्ग गायब. आम्ही आळशी ठरवून पालकांना चिठ्ठ्या धाडल्या. बैठकीत कळलं, बालरथ, म्हणजे शाळेची बस, चुकला की दीड तास कदंबाची, म्हणजे सरकारी बसची, वाट बघायची. तोडगाही मुलांनीच काढला. बालरथ सकाळी दोन फेऱ्या मारतो, पहिल्या फेरीची मुलं अर्धा तास मैदानावर नुसती बसतात. दहावीच्या सगळ्यांना पहिल्या फेरीत आणा आणि तास तेव्हा घ्या. हे गणित ड्रायव्हरकाका सोडून शाळेत कोणा मोठ्या माणसाला ठाऊक नव्हतं.

हेडमास्तरांना नियमाची भाषा लागत असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या, भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क कराराचं कलम १२ दाखवा: मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकून घ्यायचं, असं ते म्हणतं. शिक्षणहक्काच्या केंद्रीय नमुना नियमांतही शाळा व्यवस्थापन समितीत मुलांना घेण्याची सोय आहे. तो कायदा आठवीपर्यंतचा, हे आधीच सांगून टाका, नाहीतर तेच सांगतील.

सगळंच मुलांवर सोपवू नका. मोबाइल मागितला, आम्ही नाही म्हटलं. पण मागणी आली की आठ दिवसांत फळ्यावर उत्तर लिहायचं, कारणासकट. गेल्या महिन्यात एका 'नाही'पुढे कारण लिहायचं राहिलं. मधल्या सुट्टीत सातवीतला एकजण खडू घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा.