मनीची तहान

प्रश्न : आमची मांजर मनी 11 वर्षांची आहे. हल्ली वाटी सारखी रिकामी करते, बादलीतही तोंड घालते. खाणं उत्तम, पण अंगाने उतरलीय. उन्हामुळे असेल का? रात्री पाणी उचलून ठेवू का?

उत्तर : पाणी मुळीच उचलू नका! जास्त पिते म्हणून जास्त लघवी होते असं वाटतं. बहुतेकदा उलटं असतं. शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून ती पिते. पाणी तोडलंत तर कोरडी पडेल.

उन्हाने तहान वाढते, पण त्यामुळे भरपूर खाऊनही वजन घटत नाही. या वयात मधुमेह, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाची शंका आधी येते. मोजून पाणी ठेवा, 24 तासांनी उरलेलं मोजा. बादली झाका, नाहीतर हिशेब चुकेल. 4 किलोच्या मांजरीने 200 मिलीच्या वर पाणी पिणं मला खटकतं. कुत्र्यात ही मर्यादा किलोमागे 100 मिली. ओलं खाणं सोडून कोरडं सुरू केलं असेल तर मात्र थोडी वाढ साहजिक आहे.

याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या, सकाळच्या लघवीचा नमुना मिळाला तर सोबत घ्या. उलट्या, मलूलपणा किंवा खाणं बंद झालं तर त्याच दिवशी. कुत्री पाळणाऱ्यांसाठी जाता जाता : नसबंदी न झालेली मादी माजानंतर काही आठवड्यांनी खूप पाणी पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे एक रात्रही थांबू नका.