रोमन नाटकं वाचायची आहेत? आधी प्लॉटस घ्या, सेनेका मागाहून

बरेच जण नाव ऐकलेलं असतं म्हणून थेट सेनेकाच्या शोकांतिकांपासून सुरू करतात, मग त्याच्या थायेस्टीस नाटकामधे भाऊ भावाला त्याचीच पोरं शिजवून वाढतो ते वाचून पुस्तक मिटवतात ते कायमचंच. सेनेका जबरदस्त आहे, पण तो रोमन सम्राट नीरोच्या काळातला, म्हणजे बराच नंतरचा, त्याची घाई नको.

आधी विनोदी नाटकं लिहिणाऱ्या प्लॉटसचं मिलेस ग्लोरिओसुस घ्या. पहिल्याच सीनमधे बढाईखोर सैनिक ढाल सूर्यापेक्षा चकाचक करा म्हणून हुकूम सोडतो, आणि शेजारी एक फुकट जेवणारा चमचा त्याच्या नसलेल्या पराक्रमांचा हिशोब सांगत उभा. इ.स.पू. 200 च्या आसपासचं नाटक आहे हे, तरी हसू येतंच! मेनाइख्मी पण वाचा, जुळ्यांचा गोंधळ, त्यावरून शेक्सपिअरने कॉमेडी ऑफ एरर्स केलं आणि तिथून आपला अंगूर.

मग टेरेन्स, हाही विनोदी नाटककारच. गुलाम म्हणून रोममधे आला, फक्त 6 नाटकं, पण माणसं काय बारकाईने लिहिलीत! त्याच्या हेकिरा नाटकाचा प्रयोग दोनदा बंद पडला, एकदा डोंबाऱ्याच्या अन् मुष्टियुद्धाच्या खेळांच्या नादात, दुसऱ्यांदा ग्लॅडिएटर येणार अशी आवई उठली म्हणून. तिसऱ्यांदा मात्र पूर्ण झाला.

प्रकारांची नावं पाठ करत बसू नका. ग्रीक वेशातली कॉमेडी ती पालिआटा, रोमन वेशातली टोगाटा, जिचे आता नुसते तुकडे उरलेत. मुखवट्यांच्या आतेल्ला फार्सचेही तुकडेच उरलेत, पण त्याची ओळख मात्र नक्की करून घ्या, मूर्ख माक्कुस, म्हातारा पाप्पुस अशी ठरलेली पात्रं असायची, प्लॉटसवर त्याची छाप जागोजागी दिसेल.