ओलं आहे तोवर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुट्टीचा अख्खा दिवस घर घासण्यात जातो आणि चार दिवसांत पुन्हा येरे माझ्या मागल्या, असं लिहिलंस. शेवटचं 'मला घर ठेवताच येत नाही' हे वाक्य मात्र मनाला लागलं. तसं नाहीये. तुझी मेहनत कुठेच कमी पडत नाही, ती फक्त उशिरा होते आहे.

घरातला जवळजवळ प्रत्येक डाग आधी ओला असतो. ओट्यावर उडालेला तेलाचा थेंब, बेसिनमधला टूथपेस्टचा फेस, आंघोळीनंतर भिंतीवर राहिलेलं साबणाचं पाणी. त्या क्षणी नुसतं फडकं फिरवलं तरी ते निघून जातं. दुसऱ्या दिवशी तेच घासावं लागतं आणि पंधरा दिवसांनी खरवडावं लागतं. तेलाचा पातळ थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू घट्ट होत जातो, त्यात धूळ रुतते आणि मग शेगडीमागच्या भिंतीवर ते पिवळट, मेणचट किटण चढतं. तू सुट्टीच्या दिवशी ज्याच्याशी झटतोयस असं वाटतं, ते बहुतेक हेच.

म्हणून स्वच्छतेसाठी वेगळा वेळ शोधू नकोस. जे काम होतंच आहे, त्याच्या शेपटीला तिचं काम बांधून टाक. स्वयंपाक झाला की ओटा कोमट आहे तोवर साबणाच्या फडक्याने पुसायचा. दात घासून झाले की त्याच ओल्या हाताने बेसिनमध्ये एक फेरा. आंघोळ झाली की वायपरने भिंत आणि फरशी निथळवायची, अंग पुसण्याआधीच. यातलं एकही काम दोन मिनिटांच्या वर जात नाही, आणि बाथरूमच्या फटींतली काळी बुरशी बरीचशी या निथळवण्यानेच थांबते.

आता तुझ्या नळाबद्दल. बुडाशी पांढरं कडं बसलंय आणि घासून हात दुखले तरी जात नाही, असं लिहिलंयस. मी पहिल्यांदा एकटा राहायला लागलो तेव्हा माझ्याही नळाला असंच कडं होतं. मी ते सुरीने खरवडलं. कडं गेलं, पण त्यासोबत नळाची चकाकीही गेली आणि तिथे तपकिरी चट्टा उरला. मी ती खोली सोडेपर्यंत तो तसाच होता. ते कडं म्हणजे पाण्यातला चुना, कॅल्शियम कार्बोनेट. जोर लावून ते हलत नाही, आम्लात मात्र विरघळतं. सुती फडक्याची पट्टी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात भिजव, नळाच्या बुडाभोवती घट्ट गुंडाळ, वर रबर बँड लाव आणि अर्धा तास दुसरं काही कर. पट्टी काढशील तेव्हा कडं भुसभुशीत झालेलं असेल. जुन्या टूथब्रशने हलकं घासून भरपूर पाण्याने धू आणि नळ कोरडा पूस. थर जुना असेल तर पुन्हा एकदा करावं लागेल. एक सांभाळ: ओटा संगमरवरी असेल तर त्यावर आम्लाचा थेंबही पडू देऊ नकोस. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच असतो, चकाकी कायमची जाते.

हीच थांबण्याची युक्ती बाकी ठिकाणीही चालते. साबण किंवा क्लीनर लावल्या लावल्या घासायची घाई नको. आधी बाथरूममध्ये साबण लावून ठेव, मग खोलीतला केर काढ. परत येशील तेव्हा मळ सुटलेला असेल. करपलेल्या भांड्यात पाणी आणि साबण घालून ठेवलं की अर्धं काम तेच करतं.

आठवड्याच्या कामाला मात्र क्रम हवा. आधी वरचं, मग खालचं: पंख्याची पाती, जळमटं, कपाटाचा माथा, टेबल आणि सगळ्यात शेवटी जमीन. धूळ खालीच येते, त्यामुळे केर काढल्यावर पंखा पुसला तर केर पुन्हा काढावा लागतो. आधी कोरडं, मग ओलं. केस आणि धूळ असलेल्या फरशीवर ओलं फडकं फिरवलं की चिखल होतो आणि तो कोपऱ्यांत जाऊन वाळतो. पुसताना आतल्या कोपऱ्यातून दाराकडे ये. बादलीतलं पाणी गढूळ दिसलं की बदल, कंटाळा करू नकोस, नाहीतर तीच घाण पातळ होऊन घरभर पसरते. संडास-बाथरूम सगळ्यांत शेवटी, आणि तिथलं फडकं वेगळ्या रंगाचं. हे सगळं एकाच दिवशी करायची गरज नाही. आज पंखे आणि कपाटं, उद्या फरशी, परवा बाथरूम. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

लहान घराची खरी अडचण मळापेक्षा वस्तूंची असते. रिकामं टेबल दोन हातांत पुसून होतं. त्यावर चार्जर, औषधं, चष्मा, पाकिटं आणि तीन बाटल्या असल्या की पुसण्याआधी उचलायचं आणि पुसल्यावर ठेवायचं, म्हणून ते काम राहतंच. जमिनीवर टेकलेली प्रत्येक पिशवी केराच्या वाटेत येते. जेवढं भिंतीवर टांगता येईल तेवढं टांग. एकदा घातलेले पण अजून धुवायला न टाकण्यासारखे कपडे खुर्चीवर साठतात, त्यांच्यासाठी दारामागे दोन खुंट्या ठोक. एवढ्यानेही खोली मोठी वाटायला लागते, बघ.

दुसरी अडचण हवेची. एकाच खोलीत स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, वाळत घातलेले कपडे आणि रात्रभराचा श्वास. हवेतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर राहायला लागली की बुरशीला फावतं, आणि भिजलेली वस्तू तशीच राहिली तर 24 ते 48 तासांत ती धरायला सुरुवात करते. समोरासमोरची दार-खिडकी दिवसातून दोनदा दहा मिनिटं उघडी ठेव. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, मागे चार बोटं जागा सोड. सकाळी उठल्या उठल्या पांघरुणाची घडी घालू नकोस, अंथरुणातली दमट हवा आधी निघू दे. ओलं फडकं गोळा करून सिंकमध्ये टाकण्याची सवय असेल तर ती आजच सोड. घरात जो कुबट वास येतो म्हणालास, त्याचं मूळ अनेकदा तिथेच असतं.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो, ही विसरू नकोस. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्लाचं क्लीनर एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या द्रावणातही ब्लीच घालायचं नाही, त्यातूनही विषारी वायू निघतात. लहान बाथरूममध्ये तो वायू जायला जागाच नसते. एका दिवशी एकच वापर आणि ब्लीच वापरताना दार-खिडकी उघडी ठेव. कधी घसा किंवा डोळे चुरचुरले तर पुसत बसू नकोस, आधी बाहेर ये. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा सल्ला सगळीकडे दिसतो. तो धोक्याचा नाही, पण फेस आला तरी दोघं एकमेकांचा जोर संपवतात. चिकट तेलकटपणाला सोडा आणि चुन्याला व्हिनेगर, असे वेगवेगळे वापर.

काही आठवडे असे येतील की यातलं काहीच होणार नाही. आजारपण येईल, कामाचा रेटा येईल. तेव्हा फक्त दोन गोष्टी धरून ठेव: झोपण्याआधी सिंक रिकामं आणि ओला कचरा घराबाहेर. धूळ वाट बघते, खरकटं बघत नाही; त्यावर झुरळं येतात आणि मग तो वेगळाच व्याप होऊन बसतो.

येत्या सुट्टीला घर घासू नकोस. फक्त तो नळ कर आणि उरलेला दिवस बाहेर जा. कडं निघालं की नाही ते मात्र नक्की कळव.

तुझा,
काका