‘झोरो’ म्हणजे कोल्हा? नव्हे, खोकड!

प्रश्न : कथा-चित्रपटांतला मुखवटेवाला तलवारबहाद्दर ‘झोरो’, त्याच्या नावाचा अर्थ ‘कोल्हा’ असं सगळीकडे वाचतो. ते बरोबर आहे का? आणि झोरोला सुपरहीरो म्हणावं का?

कोल्हा नाही हो, खोकड! कितीदा सांगायचं? इंग्रजी ‘फॉक्स’ दिसला की ‘कोल्हा’ लिहून मोकळं व्हायची खोड आपल्याला शाळेच्या पुस्तकांनी लावली. कोल्हा म्हणजे ‘जॅकल’; कोल्हे एकत्र ओरडतात, म्हणून तर ‘कोल्हेकुई’. झुबकेदार शेपटीचं खोकड वेगळं आणि ‘झोरो’ त्याच्या भाऊबंदांतला. शब्द स्पॅनिश, आणि त्याचा उच्चारसुद्धा मुळात ‘झोरो’ नाही. मेक्सिकोकडे ‘सोर्रो’, माद्रिदकडे ‘थोर्रो’. ‘झ’ इंग्रजीने घुसडला.

पण खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. लॅटिन ‘वुल्पेस’वरून आलेला शब्द स्पॅनिशमध्ये मागे पडला, मग ‘रापोसा’ रूढ झाला, त्यालाही बाजूला सारून ‘सोर्रा-सोर्रो’ आला. एका जनावराची इतकी नावं का बदलावीत? कोंबड्या पाळणाऱ्याला त्याचं नाव तोंडातून काढायचं नसतं म्हणून! आपण नाही का रात्री सापाला ‘जनावर’ नाहीतर ‘लांबडं’ म्हणत? कोशकार कोरोमिनस यांच्या मते ‘सोर्रो’ हे असंच टोपणनाव. पोर्तुगीजमध्ये ‘झोर्रार’ म्हणजे फरफटत नेणं. त्यावरून ‘झोर्रो’ म्हणजे अंग ओढत चालणारा, आळशी, आतल्या गाठीचा. काही मंडळी मात्र हा शब्द स्पेनच्या उत्तरेकडल्या बास्क भाषेतल्या ‘असेरी’ (म्हणजे खोकडच) या शब्दावरून ओढून आणतात. पुढचा ‘अ’ गाळा, ‘र’ दुप्पट करा, स्वर बदला, की झाली व्युत्पत्ती! या हिशेबाने कशावरूनही काहीही येईल. शिवाय ‘असेरी’ हेच मुळात माणसाचं नाव होतं असं बास्कचे जाणकार सांगतात. म्हणजे तिथेही टोपणनावच!

आता झोरोचे जनक, अमेरिकी लेखक जॉन्स्टन मॅककली यांची मूळ कथा बघा. 1919 साली ‘ऑल-स्टोरी वीकली’ या स्वस्त कागदावरच्या पल्प मासिकात ती क्रमशः आली. तिच्यातला दॉन दिएगो वेगा दिवसा कसा असतो? जांभया देतो, घोड्यावर बसायचा कंटाळा करतो, प्रेयसीची मनधरणी करायचीही त्याला दगदग वाटते. रात्री तोच मुखवटा चढवून तलवार उपसतो. दिवसाचा आळशी आणि रात्रीचा धूर्त, दोघेही एकाच शब्दात! मॅककलींनी व्युत्पत्तिकोश उघडला होता असं मी म्हणत नाही. पण नाव इतकं चपखल बसलं आहे की हा तर्क मला सोडवत नाही. त्याच कथेच्या शेवटी झोरो सर्वांसमोर मुखवटा काढतो; 1920 चा मूकपट गाजल्यावर मॅककलींनी ते सोयीस्करपणे विसरून पुढच्या कथा लिहिल्या.

हां, सुपरहीरो. अतिमानवी शक्ती नाही, तेव्हा नाही. बॅटमॅनकडेही ती नाही म्हणाल, तर बॅटमॅनचे चित्रकार बॉब केन झोरोचं ऋण उघड मान्य करत. म्हणजे सुपरहीरो नसला, तरी झोरो त्यांचा पूर्वज म्हणा!